खडूची खूण

यशवंतराव लांजेवारांच्या हातून निघालेली वॅगन कधी परत आली नाही. हे ते स्वतः सांगत नसत, कारखान्यातले लोक सांगत. छत्तीस वर्षं मालगाडीच्या डब्याखाली पाठीवर पडून त्यांनी ब्रेकची जोडणी केली. नट कसायचा, पान्यानं पुन्हा एकदा ताणून बघायचा, मग खिशातला जाड खडू काढून त्यावर एक गोल आणि गोलात एक आडवी रेघ. ती खूण पडली की साहेबसुद्धा त्या नटाकडे पुन्हा बघत नसे.

ही सवय त्यांना फुकट लागली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकदा जेवणाचा भोंगा झाला आणि हातातली पिन अर्धीच वाकवून ते उठले. जेवून आले ते थेट पुढच्या डब्याखाली शिरले. संध्याकाळी काम शिकवणाऱ्या उस्तादांना ती पिन सापडली. उस्ताद ओरडले नाहीत. त्या दिवशीचे सगळे अकरा डबे त्यांनी पहिल्यापासून पुन्हा तपासायला लावले आणि स्वतः बाजूला उकिडवे बसून राहिले. शेवटचा डबा झाल्यावर एवढंच म्हणाले, "हातातलं पुरं झाल्याबिगर दुसऱ्याले हात लावायचा नाही."

यशवंतरावांनी हे वाक्य गाठीला बांधलं. त्यावर नोकरी काढली. बायको लवकर गेली, तर त्यावरच मुलगा वाढवला.

तो मुलगा, सचिन, नवा रायपुरातल्या एका सरकारी कार्यालयात ठेक्यावर गाडी चालवतो. उजाडायच्या आत निघतो, परततो तेव्हा जेवण्यापुरता उरलेला असतो. सून रीना रायपुरातल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन चालवते. आणि नात उल्का, दहा वर्षांची, पाचवीत. पोरगी हिशोबाला तेज. भाजीवाली बेरीज करायला बोटं मोडायची तोवर ही आकडा सांगून मोकळी. शाळेत मात्र तीन वर्गांना मिळून दोन मास्तर, आणि त्यातला एक कायम कुठल्यातरी सरकारी कामावर गेलेला.

जिल्ह्यात एक सरकारी निवासी शाळा आहे. सहावीत घेतात, बारावीपर्यंत शिकवतात. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं शाळेचं. तिथली प्रयोगशाळा एका गिऱ्हाइकानं रीनाला फोनमध्ये दाखवली आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. अट एकच होती. परीक्षा पाचवीत असतानाच द्यायची, आयुष्यात एकदा. जागा थोड्या, बसणारे हजारो.

"एकदाच म्हणजे एकदाच, बाबा," रीना म्हणाली. "माह्यासारखं पिको करत बसायचं नसंल तिले, तर हेच दार आहे."

"मंग ठोकू ना दार," यशवंतराव म्हणाले. "मेहनतीले कोण अडवते?"

दार ठोकायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. सदर बाजारात, एका कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर, प्रफुल्ल सरांचा या परीक्षेसाठीचा क्लास होता. शाळा सुटली की उल्काचा हात धरून, स्कूटींच्या गर्दीतून वाट काढत ते तिला तिथं पोचवत आणि सुटेपर्यंत जिन्याच्या खालच्या पायरीवर बसत. आणि सकाळी पाच वाजता घरचा अभ्यास ते स्वतः घेत. सातवी शिकलेला माणूस. पण गणित आणि आकृत्या यांना सातवी पुरते.

पाटी म्हणून त्यांनी पत्र्याचा एक तुकडा कापून, कडा घासून काळा रंगवला होता. कारखान्यातून निघताना खिशात राहिलेले जाड खडू डब्यात होतेच. उल्का उदाहरण सोडवायची, मग उलट करून तपासायची, मग आबांकडे पाटी धरायची. आबा स्वतः एकदा बघायचे आणि खूण करायचे. गोल, गोलात रेघ. खूण झाली की पुढचं.

"आबा, ये वाला नहीं आ रहा. अगला कर लूँ?" उल्का पहिल्या आठवड्यात म्हणाली. तिला मराठी सगळी समजायची, पण उत्तर हिंदीत यायचं.

"काहून? हे कोन करंन, तुहा बाप?"

"पापा को भी नहीं आएगा."

"मंग तूच कर. बस. मी बसलो आहे."

आणि ते बसत. कधी एका उदाहरणावर पाऊण तास जाई. पण येई. आलं की पोरीचा चेहरा असा उजळायचा की यशवंतरावांना वाटे, शिकणं म्हणतात ते हेच, दुसरं काय असणार?

घडीच्या प्रश्नांनी मात्र तिला खरंच छळलं. चौकोनी कागद दोनदा दुमडलाय, कोपऱ्यात भोक पाडलंय, उलगडला तर कसा दिसेल, खालच्या चारांतून ओळखा. उल्काला ते डोळ्यांपुढे येईना. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी यशवंतरावांनी जुन्या पेपरचा तुकडा घेतला, तसाच दुमडला, पत्रा कापायच्या कात्रीनं कोपरा उडवला आणि तिच्या हातात दिला.

"उलगड."

तिनं उलगडला. पुस्तकातलं तिसरं चित्र तिच्या मांडीवर पडलं होतं.

"अरे आबा!" ती ओरडली. "दिख गया!"

तिथून पुढं घडीचा प्रत्येक प्रश्न हातानं. दुमडायचा, कापायचा, बघायचा. खोलीभर कागदाचे कपटे. रीना झाडताना म्हणायची, "पोट्टी शिकून राहिली का उंदीर पाळले?" पण हसून म्हणायची.

दिवाळीनंतर प्रफुल्ल सरांनी यशवंतरावांना वर बोलावलं. सर तिशीतले, घसा कायम बसलेला. भिंतीवर मागच्या वर्षांत निवडल्या गेलेल्या मुलांचे फोटो. त्यांनी उल्काची सराव परीक्षेची उत्तरपत्रिका पुढं ठेवली.

"काका, हे पाहा. ऐंशी प्रश्न, दोन तास. हिनं एक्कावन केले."

यशवंतरावांनी चष्मा लावला. "बरोबर किती?"

"पन्नास."

"मंग?"

"मंग काय काका! बाकीचे एकोणतीस कोरे आहेत. हे पोट्टी अडली की हालतच नाही. मी सांगतो, अडलं की सोड, पुढं चाल. शेवटी टाइम उरला तर वापस ये. नाही उरला तर अंदाजानं गोल काळा कर. चुकीचे मार्क कापत नाहीत. ते म्हणते, आबा नाही म्हणतात."

"नाहीच म्हणतो. येत नाही त्याचा गोल काळा करायचा म्हणजे नट न कसता खूण मारायची. अशी गाडी कुठं जाऊन पडंन?"

"काका, ही गाडी नाही. ही परीक्षा आहे. इथं कोणी मरत नाही."

"म्हणून खोटं करायचं?"

सरांनी घसा खाकरला. "आणि ते कागद कापणं बंद करा. तिथं कात्री नेता येत नाही. घडी डोक्यात घालायला शिकवा."

"डोक्यात घडी घालून कोणी धोतर नेसते का, सर?"

मागच्या बाकावरची मुलं हसली. सरही हसले. पण जिना उतरेपर्यंत ते मागं आले आणि म्हणाले, "काका, मेहनतीत तुमची बरोबरी नाही. पन एवढं ऐका."

यशवंतरावांनी ते ऐकून घेतलं. रस्ताभर विचार केला. घरी आल्यावर रीनानंही तोच पाढा वाचला. "बाबा, क्लासमधल्या त्या यशोधनचे साठ आले. उल्काच्यापेक्षा दहा जास्त."

"आणि वीस चुकले. वीस चुकलेला माणूस मी माह्या हाताखाली ठेवला नसता."

"त्याले तुमच्या हाताखाली नाही यायचं, बाबा. शाळेत जायचं आहे."

यशवंतरावांनी मनात एक तोडगा काढला होता. पोरीला सोडायला शिकवायचं नाही, अडणंच कमी करायचं. पाचाऐवजी साडेचारला उठवायचं. जास्त घोटवलं की जास्त वेगानं होईल, हाताला वेग असाच येतो. आणि आला. एक्कावन्नाचे छप्पन झाले, मग एकसष्ट. सरांनी मान हलवली, पण पुढं काही म्हणाले नाहीत. यशवंतरावांना वाटलं, माणूस पटला. माणूस थकला होता. त्याच्यासमोर अशी नव्वद पोरं होती.

परीक्षा जानेवारीत होती. रीनानं उल्कासाठी पांढऱ्या कापडाचा रुमाल शिवला, कडेनं निळं पिको केलं, इस्त्री करून तिच्या फ्रॉकच्या खिशात ठेवला. सचिननं अर्ध्या दिवसाची रजा मागितली, मिळाली नाही. केंद्रावर यशवंतराव आणि रीनाच गेले. फाटकात उल्का वळून म्हणाली, "आबा, चेक करके ही आगे जाऊँगी." यशवंतरावांनी मान हलवली. दोन तास ते दोघं समोरच्या चहाच्या टपरीजवळ उभे राहिले.

आत काय झालं ते उल्कानं नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी.

पहिले बावीस प्रश्न सदतीस मिनिटांत झाले. अशा वेगानं ऐंशीच्या ऐंशी होत नाहीत, पण सत्तरच्या पुढं गेली असती. तेविसावा घडीचा होता. कागद तीनदा दुमडलेला आणि दोन भोकं. तीनदा दुमडलेला त्यांनी घरी केला होता, दोन भोकांचा नव्हता. उल्कानं डोळे मिटून बघितलं. दिसेना. कागद मागितला, तर वर्गावर देखरेख करणाऱ्या बाई म्हणाल्या मिळत नाही. मग तिनं खिशातून रुमाल काढला, बाकावर पसरला, चित्राप्रमाणे दुमडला आणि पेनाच्या टोकानं भोकांच्या जागी ठिपके द्यायला लागली.

बाई धावत आल्या. "ये क्या लिख रही हो रुमाल पे?"

"मैडम, घड़ी..."

"घड़ी देखना है तो सामने लगी है." बाईंनी रुमाल उलटसुलट बघितला आणि ठेवून घेतला. त्यांचंही चुकलं नव्हतं. रुमालावर लिहिणाऱ्या मुलाला बाई दुसरं काय करणार?

उल्का रडली नाही. ती तेविसाव्यावर परत आली. हातातलं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. तिनं तळहाताची घडी घातली, फ्रॉकचा कोपरा दुमडला, उत्तर ठरवलं, तपासलं, खोडून बदललं, पुन्हा तपासलं. समोरच्या घड्याळात पस्तीस मिनिटं गेली. शेवटी तिनं एक गोल काळा केला आणि पुढं सरकली. पण आता ती प्रत्येक उत्तर दोनदा तपासत होती. चाळीसनंतर गणित होतं, तिचा जीव की प्राण. त्यातली सात उदाहरणं झाली आणि घंटा झाली.

फाटकातून मुलं आरडाओरडा करत बाहेर पडली. उल्का सगळ्यांच्या मागून आली.

"कैसा गया?" रीनानं विचारलं. घाबरली की रीनाही हिंदीत शिरायची.

उल्कानं आबांकडे बघितलं. "जितना किया, सब चेक करके किया."

"किती केले?" यशवंतराव म्हणाले.

"सैंतालीस."

रीनानं पदर तोंडाशी धरला. यशवंतरावांनी उल्काचं दप्तर घेतलं आणि चालायला लागले. कुठल्या बाजूला घर आहे हे दोन मिनिटं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

प्रश्नपत्रिका मुलांना घरी नेऊ देतात. संध्याकाळी प्रफुल्ल सरांनी तिच्यावरच्या उल्काच्या खुणांवरून उत्तरं तपासली. सत्तेचाळीसपैकी शेहेचाळीस बरोबर. चुकलेला एकच, तेविसावा.

"तेहतीस कोरे," सर म्हणाले. "त्यात तेरा गणिताचे. ते तर हिनं झोपेत केले असते, काका."

"आता काय करता येते?"

"काही नाही."

"अर्ज वगैरे? मी साहेबाले जाऊन भेटतो. पोरगी बोर्डावर करून दाखवंन त्याच्यासमोर."

"काका, कोणते साहेब? पेपर मशीन तपासते."

यशवंतराव उठले, पुन्हा बसले. "माह्यामुळं झालं का हे? खरं सांगा. आडपडदा नको."

सरांनी भिंतीवरच्या फोटोंकडे बघितलं. "खरं सांगू? मलेच माहीत नाही. नव्वद पोट्टे बसवतो, दोन लागतात, कधी तीन. ते माह्यामुळं लागतात, का तसेही लागले असते, हे मी आजपर्यंत ओळखलं नाही. फोटो तेवढे लावतो."

दुसऱ्या दिवशी यशवंतराव एकटेच केंद्रावर गेले. फाटकावरच्या माणसाला त्यांनी सांगितलं की काल नातीचा रुमाल इथं राहिला, पांढरा, निळी कड.

"हव बाबा, रुमाल?" तो म्हणाला. "कल तो इहाँ तीन सौ लइका आए रिहिन. झाड़ू लग गे." तीनशे पोरं येऊन गेल्यावर झाडूही लागून गेला होता.

"एकदा बघू द्या. कचऱ्यात असंन."

माणूस भला होता. त्यानं आत जाऊ दिलं. यशवंतरावांनी मागच्या भिंतीशी लोटलेला कचरा काठीनं उपसला. पेनांची टोपणं, बिस्किटांचे कागद, एक केसांची क्लिप. रुमाल नव्हता. त्यांनी तो ढीग पुन्हा नीट लोटून ठेवला आणि घरी आले. कुठं गेले होते ते कोणाला सांगितलं नाही.

रीनानं प्रश्नपत्रिका कपाटावर, कपड्यांच्या चिंध्यांखाली ठेवून दिली. "निकाल लागेस्तोवर याले कोणी हात लावायचा नाही." तिनं सासऱ्यांना एक शब्दही बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मशीन मात्र त्या दिवसांत जोरात चालायचं.

निकाल उन्हाळ्यात लागला. उल्काचं नाव नव्हतं. ते माहीतच होतं, तरी सचिननं यादी तीनदा वरून खाली बघितली. यशोधनचंही नव्हतं. त्यानं ऐंशीच्या ऐंशी गोल काळे केले होते, सरांनी सांगितलं तसं. क्लासमधून दोन मुलं लागली. सर सांगत होते, यादीत एका खेड्यातली मुलगी आहे, तिनं कुठल्याच क्लासचं तोंड पाहिलेलं नाही. आई भट्टीवर विटा वाहते.

"मंग ते कशी लागली?" यशवंतरावांनी विचारलं.

"लागली," सर म्हणाले.

त्या दिवशी जेवताना सचिन म्हणाला, "बाबा, तुमी काहून मनाले लावून घेता? ज्यानं सगळे केले तोही नाही लागला." तो समजूत घालत होता. यशवंतरावांना ते आणखी जड गेलं. चूक आपली असती तर ती निदान धरून ठेवता आली असती. पिन अर्धी राहिली, तर अकरा डबे पुन्हा तपासता येतात. इथं पिन कुठली तेच कळेना, आणि डबे तर केव्हाच निघून गेलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेचारला त्यांना जाग आली. उठवायला कोणी नव्हतं म्हणून ते पडून राहिले. पाचच्या सुमाराला पुढच्या खोलीत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. उल्का कपाटावरून प्रश्नपत्रिका काढत होती. तिनं पत्र्याची पाटी आणली, खडूचा डबा आणला, पेपरचा तुकडा आणि कात्री आणली, आणि आबांच्या अंथरुणाशी येऊन बसली.

"आबा, तेईसवाँ."

"सरांनी उत्तर सांगितलं ना त्याचं?"

"बताया था. पर देखा नहीं."

"राहू दे आता, पोरी."

'राहू दे' असं त्यांनी तिच्यासमोर पहिल्यांदाच म्हटलं होतं. उल्काला ते कळलंच नसावं. तिनं कागद चौकोनी केला. एकदा दुमडला. दोनदा. तिसऱ्या घडीला चित्रातल्यासारखा तिरपा धरला, जीभ दातात धरून दोन भोकं पाडली आणि उलगडला. अर्ध्या मिनिटाचंसुद्धा काम नव्हतं. दुसरं चित्र. तिनं ते प्रश्नपत्रिकेतल्या चित्रावर ठेवून बघितलं, उलटं करून पुन्हा बघितलं.

"दिख गया," ती म्हणाली. ओरडली नाही. मग पाटीवर प्रश्नाचा आकडा आणि उत्तर लिहिलं आणि पाटी पुढं धरली. "खूण करो."

यशवंतरावांनी डब्यातून खडू घेतला. त्यांनी पाटीवर गोल काढला, गोलात आडवी रेघ काढली. रेघ गोलाच्या बाहेर गेली. उल्कानं बोटानं बाहेरचा भाग पुसून नीट केला.

मग तिनं प्रश्नपत्रिकेची पानं उलटली. बोट गणितावर येऊन थांबलं.

"अब अड़तालीसवाँ," ती म्हणाली, आणि पाटी ओल्या फडक्यानं पुसायला लागली. पुढच्या खोलीत रीना उठून बसली होती. मशीन सुरू झालं नाही. तेहतीस राहिले होते. यशवंतराव बसून होते, बसण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं.